इमॅजिकाची सहल दोघांसाठी: थोड्या खर्चात निवांत दोन दिवस

थीम पार्कच्या सहलीहून नवराबायको दमून आणि जरा चिडूनच घरी येतात, याचं मूळ बहुतेक वेळा तिकिटाच्या किमतीत असतं. तिकीट महाग, म्हणून पैसे वसूल करायचे. म्हणून दार उघडल्यापासून दिवे मालवेपर्यंत एका रांगेतून दुसऱ्या रांगेत पळायचं. दुपारी तीनच्या सुमाराला एकाच्या पोटात कावळे ओरडत असतात, दुसऱ्याला अजून एक राइड हवी असते, आणि तिथून धुसफूस सुरू होते.

खोपोलीजवळच्या इमॅजिकाला जाणाऱ्या जोडप्यांना आमचा सल्ला सरळ आहे. पार्कचं तिकीट एकाच दिवसाचं घ्या, त्या दिवशी मोजक्याच राइड करा आणि दुसरा दिवस पार्कच्या कुंपणाबाहेर घालवा. २०१३ साली सुरू झालेलं हे पार्क खोपोली–पाली रस्त्यावर आहे. तिथून तास-सव्वा तासाच्या आत अष्टविनायकांतले पाली आणि महडचे दोन गणपती, गरम पाण्याची कुंडं आणि दोन हजार वर्षांपूर्वीची लेणी आहेत, आणि या सगळ्यांचा मिळून खर्च पार्कातल्या दोघांच्या एका जेवणाएवढाही होत नाही. शेजारच्या वॉटर पार्कला आणि स्नो पार्कला वेगळं तिकीट लागतं. निवांतपणा हवा असेल तर तीनही एका सहलीत कोंबू नका.

दिवस कोणता धरायचा

मंगळवार ते गुरुवार. तिकिटाचा दर तारखेप्रमाणे बदलतो, आणि आडवारी तो सहसा कमी असतो. दिवाळीची सुट्टी, नाताळ ते एक जानेवारी आणि शुक्रवार किंवा सोमवारला जोडून आलेल्या सुट्ट्या टाळा. डिसेंबर-जानेवारीत मात्र आडवारी शाळांच्या सहली येतात आणि सकाळी दारातच बसगाड्यांची रांग दिसते. तेवढ्याने तारीख बदलायला नको. मुलांना वेळेत घरी पोहोचवायचं असतं म्हणून या बस दुपार कलली की निघतात आणि चारनंतर पार्क मोकळं व्हायला लागतं. अशा दिवशी जेवण आणि विश्रांती आधी उरकून मोठ्या राइड उशिरा करा.

दुसऱ्या दिवशी पाली किंवा महड करणार असाल तर कॅलेंडरात चतुर्थीही पाहून ठेवा. संकष्टीला दर्शनाची रांग लांबते आणि अंगारकीला तर खोपोली–पाली रस्ताच भरतो. माघी गणेश जयंतीच्या सुमारालाही तेच.

रांग टाळून आत सोडणारं जादा दराचं तिकीट आडवारी घेऊ नका. गर्दी नसलेल्या दिवशी त्यातून वाचणारी मिनिटं फार थोडी आणि पैसे बरेच. त्याच पैशांत दोघांचं दुसऱ्या दिवसाचं जेवण आणि रिक्षा भागते.

जायचं कसं, उतरायचं कुठे

मुंबईहून सर्वांत स्वस्त मार्ग लोकलचा. मुंबईहून थेट खोपोलीपर्यंत जाणाऱ्या लोकल आहेत. द्वितीय वर्गाचं दोघांचं एका बाजूचं तिकीट शंभर रुपयांच्या आत येतं. प्रवास अडीच तासांच्या आसपास. कर्जतच्या पुढे पळसदरी, केळवली, डोलवली, लौजी आणि मग खोपोली. या फाट्यावर गाड्या कमी आहेत आणि एक चुकली तर पुढचीसाठी बराच वेळ बसावं लागतं, म्हणून वेळापत्रक फोनमध्ये आधीच उतरवून ठेवा. पुण्याहून लोकलने लोणावळा आणि तिथून घाट उतरणारी एसटी हा सोपा मार्ग.

एसटीत १७ मार्च २०२३ पासून महिलांना निम्मं भाडं आहे, म्हणजे नवराबायकोचा प्रवास दीड तिकिटात होतो. ६५ वर्षांवरच्या ज्येष्ठांना निम्मं आणि ७५ पुढे मोफत. पंचाहत्तरी ओलांडलेल्या जोडप्याला त्यामुळे एसटीचा खर्च उरतच नाही. खोपोलीहून पालीकडे जाणारी एसटी पार्कच्या फाट्यावरून जाते. जाताना अडचण नाही, अडचण परतताना होते. पार्क बंद होतं तेव्हा अंधार पडलेला असतो, एसटी मिळेलच असं नसतं आणि फाट्यावर उभी असलेली रिक्षा मागेल ते भाडं मागते. सकाळी ज्या रिक्षाने आलात त्याच रिक्षावाल्या दादांचा नंबर घेऊन परतीची वेळ आणि भाडं तेव्हाच ठरवा. दार बंद व्हायच्या वीस मिनिटं आधी फोन केला की गाडी दारात असते.

मुक्कामाला तीन पर्याय आहेत. खोपोलीतले साधे लॉज पार्कला आणि स्टेशनला दोन्हीला सोयीचे. लोणावळा शनिवार-रविवारी महाग पडतं, आडवारी तिथेही घासाघीस चालते. आणि दुसऱ्या दिवशी पाली करायचं असेल तर बल्लाळेश्वर देवस्थानचं भक्तनिवास हा सर्वांत कमी खर्चाचा मुक्काम. खोल्या साध्या पण स्वच्छ, आणि सकाळच्या दर्शनाला दोन मिनिटांत पोहोचता येतं. भक्तनिवासाचं दार रात्री किती वाजता लागतं ते आधी विचारा, कारण पार्कातून पालीला पोहोचायला पाऊण तास धरावा लागतो. कुठेही उतरलात तरी दोघांचीही मूळ ओळखपत्रं जवळ ठेवा. काही लॉज जवळपासचा पत्ता असलेल्या किंवा लग्न न झालेल्या जोडप्याला खोली नाकारतात. कायदा तसं सांगत नाही, पण रात्री साडेनऊला काउंटरवर वाद घालण्यापेक्षा आगाऊ पैसे भरण्यापूर्वी फोनवर विचारलेलं बरं.

पार्कातला दिवस

आदल्या रात्री दोघांनी बसून दोन-दोन राइड निवडायच्या. एकूण चार, त्याच्या वर नाही. बाकी जे मिळेल ते वरकड. हा नियम पाळला की दिवसभर कसलीही घाई राहत नाही, आणि आडवारी चार राइड सहज होतात.

दार उघडण्याच्या अर्धा तास आधी पोहोचा. आत गेल्यावर बहुतेक लोक पहिल्या दिसणाऱ्या राइडशी थांबतात किंवा फोटो काढत राहतात. तुम्ही नकाशा घेऊन न थांबता नायट्रो या मोठ्या रोलरकोस्टरकडे चाला. त्याची रांग सकाळच्या पहिल्या तासात सर्वांत छोटी असते. त्यात पायाखाली फळी नाही, पाय मोकळे लोंबतात, आणि पाच ठिकाणी गाडी उलटी होते. उपाशी पोटी किंवा भरल्या पोटी दोन्ही वेळा त्रास होतो. निघण्यापूर्वी दीड-दोन तास आधी पोहे, उपमा किंवा केळं-दूध एवढंच पोटात असावं.

दोघांपैकी एक धीट आणि एक घाबरट अशी जोडी असेल तर जागा विचारपूर्वक निवडा. गाडीचा मधला डबा सर्वांत सौम्य. पुढे बसलं की समोरची पोकळी दिसते. मागे बसलं की खरा हिसका बसतो, कारण पुढचे डबे उतारावर लागून वेग घेतात तेव्हा शेवटचा डबा अजून चढावर असतो आणि कड्यावरून ओढला जातो. डोकं मागच्या उशीला टेकवून ठेवा, जबडा सैल सोडा आणि डोळे उघडे ठेवून पुढच्या रुळाकडे पाहा. डोळे मिटले तर कानाच्या आतला तोल सांभाळणारा भाग हालचाल सांगतो आणि डोळे काहीच सांगत नाहीत. या गोंधळातूनच मळमळ होते. डीप स्पेसची गाडी याच कारणाने घाबरट जोडीदाराला जड जाते, कारण ती अंधारात धावते आणि पुढचं वळण दिसत नाही. आधी गोल्ड रश एक्स्प्रेससारखी हलकी गाडी करून पाहा. ती जमली नाही तर मोठीचा हट्ट धरू नका.

एकजण राइडवर आणि दुसरा खाली, असं दिवसातून एक-दोनदा होणारच. तेव्हा फोन लॉकरमध्ये किंवा एकाच्याच पिशवीत असतो, आणि ‘मी इथेच होते’, ‘मी तिथे शोधत होतो’ अशी चुकामूक होते. राइडचं बाहेर पडायचं दार आत शिरायच्या दारापासून लांब, कधी कधी स्मरणवस्तूंच्या दुकानातून असतं. म्हणून भेटायची जागा दरवेळी बाहेर पडायच्या दाराशी ठरवा, आणि राइडशेजारचा बाक न म्हणता नाव घेता येईल अशी खूण ठरवा. खाली थांबणाऱ्याने तेवढ्या वेळात पाण्याची बाटली भरून आणावी. बाहेरचे खाद्यपदार्थ आत नेऊ देत नाहीत, पण पिण्याच्या पाण्याची सोय आत आहे. रिकामी स्टीलची बाटली नेली की दिवसभराच्या विकतच्या पाण्याचे पैसे वाचतात.

साडेबारा ते चार हा वेळ उन्हाचा. ऑक्टोबरपासून फेब्रुवारीपर्यंतसुद्धा घाटाखालच्या या पट्ट्यात दुपार तापते. हा काळ छताखाली, वातानुकूलित ठिकाणी घालवायचा. ‘आय फॉर इंडिया’मध्ये मोठ्या वक्र पडद्यासमोर खुर्च्या अधांतरी लटकतात आणि देशावरून उडत गेल्याचा भास होतो. यात आदळआपट नाही, त्यामुळे भीती वाटणाऱ्यालाही चालतं. जागा निवडायची संधी मिळाली तर मधली घ्या. कडेला बसलं की पडद्याची किनार दिसते आणि चित्र वाकडं भासतं. अलिबाबाच्या राइडमध्ये दोघांनी शेजारी बसून लक्ष्यावर प्रकाशझोताच्या बंदुका चालवायच्या असतात. हरणाऱ्याने चहा पाजायचा अशी पैज लावा, राइड दुपटीने रंगते.

पाण्याच्या राइडबद्दल सविस्तर सांगायला हवं, कारण निम्मा दिवस तिथेच बिघडतो. ‘राजासॉरस’ ही होडीची राइड आहे. गुजरातमध्ये सापडलेल्या जीवाश्मांवरून २००३ साली ज्या डायनोसॉरला शास्त्रज्ञांनी हे नाव दिलं, त्याच्यावरून राइडचं नाव पडलं. शेवटी होडी उतारावरून पाण्यात आपटते आणि पुढच्या रांगेतले लोक कमरेपर्यंत भिजतात. ही राइड बारा-साडेबाराला करा, म्हणजे ऊन कपडे वाळवतं. संध्याकाळी केलीत तर ओल्या जीन्समध्ये परतीचा प्रवास होतो, मांड्या घासून सोलवटतात आणि बुटातल्या ओल्या मोज्यांनी टाचेला फोड येतात. घालायला जीन्सऐवजी पातळ ट्रॅक पँट, पायात पट्ट्याचे सँडल, आणि पिशवीत प्रत्येकी एक कोरडा टी-शर्ट व पंचा. टॉवेलपेक्षा पंचा लवकर वाळतो आणि घडी खिशात मावते. फोनला जाड प्लॅस्टिकची झिपची पिशवी पुरते. दारावर विकत मिळणाऱ्या कव्हरची गरज नाही.

जेवायला अडीचला जा. एक ते दोन या तासात सगळं पार्क एकाच वेळी जेवतं, टेबल मिळत नाही आणि वाढणारेही वैतागलेले असतात. एक थाळी आणि एक हलका पदार्थ दोघांत पुरतो. उरलेल्या दिवसात पोट जड असून चालत नाही. जेवणानंतर पाऊण तास कुठलीही फिरणारी किंवा झुलणारी राइड नको. सावलीतला बाक शोधा, बूट काढा, पाय शेजारच्या पिशवीवर ठेवा. माणसं राइडवरून उतरतात त्या दाराकडे तोंड करून बसलं तर वेळ छान जातो. कोण हसत येतो, कोण भिंत धरून येतो, याचा अंदाज दोघांनी आळीपाळीने बांधायचा. पार्काचे भाग वेगवेगळ्या देशांच्या धर्तीवर रचलेले आहेत. खांबांची नक्षी, दिव्यांचे आकार, दारांची रंगसंगती धावताना दिसत नाही, बसल्यावर दिसते.

साडेचारनंतर उन्हाची धग उतरते. आता मॅजिक कॅरोसेल, म्हणजे फिरणाऱ्या घोड्यांचं चक्र. दोघांच्या निवांत फोटोंसाठी ही सर्वांत चांगली जागा, पण दिवे लागल्यावर अंधार पूर्ण पडण्याआधीच्या वीस-पंचवीस मिनिटांत. त्या वेळी आकाश निळं असतं आणि दिवेही दिसतात. पूर्ण अंधारात चेहरे काळे येतात, आणि फ्लॅश मारला तर मागचे दिवे फिके पडतात. फोन एखाद्या कठड्यावर टेकवून दहा सेकंदांचा टायमर लावा. पार्कातले छायाचित्रकार राइडवर काढलेले फोटो विकतात. पाहायला पैसे पडत नाहीत, घ्यायचाच तर दिवसातला एकच घ्या.

संध्याकाळी परेड असते. तिची वेळ आणि मार्ग सकाळी दारावरच विचारून नकाशावर खूण करा. सुरुवातीच्या टोकाला गर्दी दाटते. मार्गाच्या शेवटच्या वळणावर दहा मिनिटं आधी पोहोचलात तरी कठड्याशी जागा मिळते, आणि वळणावर वाहनं हळू होतात म्हणून नीट पाहायलाही मिळतं. परेडच्या वेळी राइडच्या रांगा रिकाम्या होतात हे खरं. परेड आधी पाहिलेली असेल तर तेव्हा तुमची आवडती राइड दुसऱ्यांदा करून घ्या.

वॉटर पार्क निवडणार असाल तर नायलॉनचे पोहण्याचे कपडे घरूनच न्या, भाड्याचे पैसे वाचतील. सुती कपडे चालत नाहीत, कारण त्यांचे धागे सुटून पाणी गाळणाऱ्या यंत्रणेत अडकतात आणि भिजलेला सुती कपडा अंगाला जड होऊन घसरगुंडीवर ओढला जातो.

रात्री खोलीवर

दिवसभरात दहा-बारा किलोमीटर चालणं सहज झालेलं असतं, आणि दुसऱ्या दिवसाचा मूड या तासावर ठरतो. लॉजवाल्याकडून एक रुंद बादली किंवा टब मागा. घोट्याच्या वर येईल इतकं सोसवेल असं कोमट पाणी, त्यात मूठभर जाडं मीठ. पाणी हाताने न तपासता कोपराने तपासा. तळहाताला जे कोमट वाटतं ते दमलेल्या पायाला चटका देतं. पंधरा मिनिटं पाय सोडून बसा, मग बोटांच्या बेचक्या नीट पुसा. त्यानंतर एकमेकांचे पाय चोळा: चमचाभर खोबरेल, टाचेपासून बोटांकडे अंगठ्याने दाबत जायचं, तळव्याच्या मधल्या खळग्यात जरा थांबायचं, आणि पोटऱ्या मात्र घोट्याकडून गुडघ्याकडे वरच्या दिशेने. एका पायाला पाच मिनिटं पुरतात. फोड आला असेल तर तो फोडू नका आणि त्यावर तेल लावू नका. मधुमेह असलेल्यांनी गरम पाण्यात पाय सोडणं टाळावं, कारण त्यांच्या पायांची संवेदना कमी झालेली असू शकते आणि भाजलेलं कळत नाही.

पत्त्यांचा जोड बरोबर ठेवा. दोघांत रंगणारा डाव सात-आठ. चारही रंगांची आठ्ठीपासून एक्क्यापर्यंतची पानं आणि बदाम व इस्पिकची सत्ती, अशी तीस पानं घ्यायची. आधी पाच-पाच पानं हातात. ज्याने वाटली नाहीत त्याने त्यावरून हुकूम बोलायचा. मग प्रत्येकासमोर पाच पानं पालथी आणि त्यांच्यावर पाच उघडी मांडायची. उघडं पान खेळून झालं की त्याखालचं उलटायचं. हुकूम बोलणाऱ्याने आठ हात करायचे, दुसऱ्याने सात. घरोघरी नियमांत थोडे फरक असतात, तेवढे खेळायला बसण्यापूर्वी ठरवून टाका.

रात्रीचं जेवण पार्कात घेऊ नका. खोपोलीत जुन्या मुंबई–पुणे रस्त्यावर रमाकांतचा वडापाव प्रसिद्ध आहे. उशिरा पोहोचणार असाल तर तो परतताना खा आणि रात्री लॉजशेजारच्या खाणावळीत वरण-भात सांगा. दमलेल्या पोटाला तेच बरं.

दुसरा दिवस: पाली आणि उन्हेरे

आम्हाला हा दिवस पार्कइतकाच मोलाचा वाटतो. पालीत मुक्काम असेल तर सूर्योदयाच्या आधी देवळात पोहोचा. बल्लाळेश्वराचं मंदिर पूर्वाभिमुख आहे आणि ठरावीक काळात उगवत्या सूर्याचे किरण थेट मूर्तीवर पडतील अशी त्याची रचना आहे. आधीच्या लाकडी देवळाच्या जागी १७६० मध्ये दगडी मंदिर उभं राहिलं. आत टांगलेली मोठी घंटा पोर्तुगीज बनावटीची. १७३९ साली वसई जिंकल्यावर चिमाजी अप्पांनी मिळालेल्या घंटा देवस्थानांना दिल्या, त्यांतलीच ही. अष्टविनायकांत भक्ताच्या नावाने ओळखला जाणारा हा एकच गणपती. सकाळी लवकर गर्दी नसते, सभामंडपात दोघांनी अर्धा तास शांत बसता येतं. देवळामागे सरसगड उभा आहे. तो चढायचा मोह होतो, पण आदल्या दिवशी पाय दमलेले असताना त्याच्या उभ्या कातळ पायऱ्या निवांत सहलीत बसत नाहीत.

न्याहारी गावातच करा, पण हलकी, कारण पुढे गरम पाण्यात उतरायचं आहे. पालीपासून रिक्षाने दहा-पंधरा मिनिटांवर उन्हेरे. इथे जमिनीतून गरम पाणी वर येतं आणि कुंडांत साठतं. कोकणात वज्रेश्वरीपासून राजापूरपर्यंत असे झरे ओळीने आढळतात. खोल गेलेल्या भेगांमधून पावसाचं पाणी खाली मुरतं, तिथल्या उष्णतेने तापतं आणि पुन्हा वर येतं. पाण्याला गंधकाचा वास येतो.

उतरण्यापूर्वी जोडवी, पैंजण, चांदीची अंगठी काढून कोरड्या रुमालात गुंडाळा. गंधकाने चांदी काळी पडते, आणि घरी आल्यावर घासत बसावं लागतं. आधी पायऱ्यांवर बसून नुसते पाय पाण्यात सोडा. दोन मिनिटं सोसलं तर पोटऱ्यांपर्यंत, मग हवं तर आत. एका वेळी दहा मिनिटं, मध्ये बाहेर येऊन पाणी पिणं, आणि पुन्हा दहा. त्याहून जास्त वेळ बसलं की गरमीने रक्तवाहिन्या पसरतात, रक्तदाब उतरतो आणि उठताना डोळ्यांपुढे अंधारी येते. घसरून पडण्याचे प्रकार असेच होतात, त्यामुळे पाण्यातून उठताना एकमेकांचा हात धरा आणि पायरीवर क्षणभर बसूनच मग उभे राहा. गर्भवती, मधुमेह, हृदयविकार किंवा रक्तदाबाचा त्रास असलेले आणि अंगावर उघडी जखम असलेले यांनी पाण्यात उतरू नये. इथे भाविक आणि गावातली मंडळीही येतात. अंगभर कपडे घाला आणि साबण-शांपू वापरू नका. मे महिन्यात दुपारी या पाण्यात बसणं म्हणजे शिक्षा. थंडीतली सकाळ मात्र अशी सुखाची की पार्कातल्या दमणुकीचा मागमूस राहत नाही.

परत पालीत येऊन पोह्याचे पापड घ्या. ही इथली खासियत. हिरव्या मिरचीचे की लाल तिखटाचे ते चवीप्रमाणे निवडा, आणि घेताना पापड वाकवून पाहा: ताजा पापड जरा लवचिक असतो, जुना कटकन तुटतो. देवस्थानात भोजनाची सोय आहे. तिथे जेवून दुपारी खोपोलीची एसटी धरा. हातात वेळ असेल तर खोपोलीहून जवळच महडचा वरदविनायक आहे. १७२५ मध्ये सुभेदार रामजी महादेव बिवलकरांनी बांधलेलं हे देऊळ छोटं आणि तळ्याकाठी आहे. इथला नंदादीप १८९२ पासून अखंड तेवत असल्याचं सांगतात.

किंवा भाजे आणि कार्ले

पुण्याकडे परतणाऱ्यांनी ही वाट धरावी. लोणावळ्याहून पुण्याकडे निघालं की पुढचंच स्टेशन मळवली. तिथे उतरून चालत भाजे गाव गाठायचं आणि पायऱ्या चढून लेण्यांपाशी जायचं. तिकीट माणशी २५ रुपये. बावीस लेणी आहेत, सर्वांत जुनं काम इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातलं. चैत्यगृहात शिरल्यावर उजवी-डावीकडे न पाहता आधी छत पाहा: दगडी कमानीला लाकडी फासळ्या बसवल्या आहेत. दक्षिणेकडे स्तूपांचा एक गट आहे आणि त्यापुढच्या विहाराच्या ओसरीत रथावरचा सूर्य आणि हत्तीवरचा इंद्र कोरलेला आहे. जवळच नाचणारी स्त्री आणि तबल्यासारखं वाद्य वाजवणारी स्त्री अशी जोडी दिसते. या मूर्तींवर तिरपा प्रकाश असेल तर बारकावे उठून दिसतात. भर दुपारी सगळं सपाट भासतं.

कार्ल्याचा चैत्य याहून खूप मोठा आणि देखणा, पण तिथेच एकवीरा आईचं देऊळ असल्यामुळे सुट्टीच्या दिवशी आणि चैत्रात पायऱ्यांवर पाय ठेवायला जागा नसते. शांतता हवी असेल तर भाजे निवडा. दोन्ही एका दिवसात करायचे तर कार्ले सकाळी आठ-नऊला आणि भाजे नंतर. वर खाण्याची सोय धरू नका; पाणी, चार केळी आणि शेंगदाण्याची चिक्की बरोबर असू द्या. माकडांसमोर पिशवी उघडू नका.

पावसाळ्यात जाणार असाल तर

जुलै-ऑगस्टमध्ये आडवारी पार्क बऱ्यापैकी रिकामं असतं आणि डोंगर हिरवेगार. विजा किंवा जोराचा पाऊस सुरू झाला की उघड्यावरच्या राइड थांबवतात, त्यामुळे पाऊस उघडलेला दिसताच आधी त्या करून घ्या आणि आतले खेळ पावसाच्या सरीसाठी राखून ठेवा. छत्रीपेक्षा रेनकोट बरा, रांगेत छत्री दुसऱ्याच्या डोळ्यात जाते.

धबधब्यांबाबत मात्र आम्ही ठाम आहोत. खोपोलीचा झेनिथ धबधबा आणि लोणावळ्याच्या भुशी धरणामागचा ओढा फुकट आहेत म्हणून यादीत घालू नका. वर डोंगरात सर आली की खाली ऊन असतानाही काही मिनिटांत लोंढा येतो. ३० जून २०२४ रोजी भुशी धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण असेच वाहून गेले. पाणी अचानक गढूळ झालं, त्यात पालापाचोळा, काटक्या दिसायला लागल्या किंवा आवाज वाढला, तर सामान तिथेच टाकून वरच्या बाजूला चढायचं. पाऊस पाहायचाच असेल तर खंडाळ्याचा राजमाची पॉइंट आहे. तिथे कठड्यामागे उभं राहून दोघांनी एक भाजलेलं कणीस वाटून खाता येतं. कणसाला लिंबू आणि तिखटमीठ चोळून द्यायला सांगा, आणि ढग दरीत भरले असतील तर दहा-पंधरा मिनिटं थांबा. वारा सुटला की ते सरकतात आणि समोर राजमाचीचे श्रीवर्धन आणि मनरंजन हे दोन्ही बालेकिल्ले दिसतात.